अस्सल प्रत घरीच राहते

मला आयुष्यात दोनच पदव्या मिळाल्या. एक, बारावी सायन्स नापास. दुसरी शकूआत्यानं दिली: आरएनए. पहिली मी कुणाला सांगत नाही. दुसरी सांगायची गरजच पडत नसे, कारण आत्या ती भर गल्लीत ओरडून सांगायची. "आरएनए, इकडं ये बे!" शेजारच्या काकूंना बरीच वर्षं वाटत होतं की मी कुठल्यातरी सरकारी खात्यात लागलोय.

शकूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. रिसोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवलं. मागच्या हिवाळ्यात गेली. तिच्या पाठचा भाऊ, आमचा बाळूकाका, आता आमच्याकडे राहतो. तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काका तिथं स्टुलावर बसतो, मशीन गरम व्हायची आहे असं सांगून गिऱ्हाइकाला थांबवतो आणि तेवढ्यात त्याच्या सातबाऱ्यापासून सासुरवाडीपर्यंत सगळं विचारून घेतो. हे लिहायला मला त्यानंच बसवलं. म्हणाला, "लिहून काढ. तू तोंडानं सांगतं तवा दर खेपेले बदलून सांगतं."

तर आधी माझ्या पदवीबद्दल. आत्या वर्गात पुस्तकी मराठी बोलायची, घरी वऱ्हाडी, आणि रागात दोन्ही. वर्गात सांगायची, "पेशी म्हणजे घर समजा. घराला एक आतली खोली. त्या खोलीत एक पुस्तक असतं. चूल कशी पेटवायची, भिंत पडली तर कशी लिंपायची, सगळं त्यात. तो डीएनए. तो खोलीच्या बाहेर येत नाही. बाहेर काम निघालं की लागेल तेवढ्याच पानाची नक्कल करायची आणि तिला धाडायचं. ती नक्कल म्हणजे आरएनए. बाहेरचे कारागीर ती वाचतात. तीन अक्षरं वाचली की एक मणी ओवायचा, पुढची तीन, पुढचा मणी. माळ झाली की झालं प्रथिन. लक्षात ठेवा, अस्सल प्रत घरीच राहते."

"मग त्या आरएनएचं काय होतं?" असं मी एकदा घरी विचारलं.

"काम झालं की त्याचे तुकडे करून टाकतात," ती म्हणाली आणि मला दळण आणायला पाठवलं.

दळण मी आणायचो, कारण ती बाहेर पडत नसे. कॉलेज आणि घर, घर आणि कॉलेज. मधल्या सुट्टीतही पदर खोचून धावत घरी यायची, बाळूकाकाला पाणी पाजायची, पुन्हा धावत जायची. कुणाच्या बारशाला, कुणाच्या मयतीला, वाशीमच्या बाजाराला तिच्या वतीनं मी. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत काकाची खाट आणि गल्लीकडे उघडणारी गजांची खिडकी. आत्यानं जग पाहिलं ते बहुतेक त्या खिडकीतून, आणि जगानं तिलाही तिथूनच पाहिलं.

काकाला सिकलसेल. आमच्या भागात हा शब्द शेतातल्या माणसालाही सांगावा लागत नाही, पण आत्या तरी सांगायचीच. रक्तातल्या त्या लाल रंगाच्या माळेत एक मणी चुकीचा पडतो. का पडतो? तर आतल्या पुस्तकात एका जागी एक अक्षर बदललेलं असतं. एकच. त्यामुळे एरवी गोल, लवचिक असणारी पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक नळीत आडवी अडकते. "सोयाबीनच्या दिवसात मार्केटच्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर आडवा लागला की काय होतं?" ती विचारायची. सगळा वर्ग हसायचा. ती हसायची नाही. तिनं तो ट्रॅक्टर आडवा लागलेला घरी पाहिलेला असायचा. थंडी पडली, पाणी कमी प्यायलं गेलं की काकाचे हातपाय, पाठ, छाती असं काही दुखायचं की माणूस खाटेची दोरी दातात धरायचा. आत्या रबराच्या पिशवीत गरम पाणी भरून शेकत बसायची. ती शेकायची पिशवी म्हणजे तिच्या हाताचं सहावं बोट झाली होती.

एम.एस्सी. झाल्यावर तिला हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. आजीनं बाळूकडे पाहिलं, आत्यानं आजीकडे पाहिलं. एवढीच चर्चा झाली म्हणतात.

पण वर्गात ती वेगळी बाई होती. एकदा तिनं आमची अख्खी अकरावी मैदानात उभी केली. पोरं एका ओळीत, पोरी समोरच्या ओळीत. प्रत्येकाच्या छातीवर एक अक्षर. "ए समोर टी, सी समोर जी. दुसरं स्थळ बघायचं नाही." हात धरायची तर रिसोडात सोय नव्हती, म्हणून तिनं सुतळ्या आणल्या होत्या. ए आणि टीमध्ये दोन सुतळ्या, सी आणि जीमध्ये तीन. मी टी होतो. समोर ए म्हणून जी मुलगी उभी होती, तिच्याकडे मी सहामाहीपासून बघत होतो आणि ती सहामाहीपासून फळ्याकडे बघत होती. मला वाटलं, निसर्गानंच मनावर घेतलं.

"आता पीळ द्या," आत्या ओरडली. दोन्ही ओळी गोल फिरायला लागल्या, पुढचे वळले, मागचे ओढले गेले, आणि डीएनएची ती शिडी व्हॉलीबॉलच्या खांबाला गुंडाळली गेली. प्राचार्य धावत आले. "मॅडम, हे काय चाललंय? परवानगी कोणाची घेतली?"

"सर, याला परवानगी लागत नाही. तुमच्या आतही हेच चाललंय."

प्राचार्यांनी नकळत स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग तिनं नक्कल करण्यासाठी शिडी मधोमध उकलायला लावली. दोन सुतळ्यांवाल्या जोड्या आधी सुटल्या. त्यात पहिला मी. ती मुलगी सुतळी टाकून जी निघाली ती आता परभणीला मुख्याध्यापिका आहे. मी अजून तहसीलसमोर आहे.

आता पपईची गोष्ट. ही मी दहा लोकांना दहा प्रकारे सांगितली आहे. इथं काका समोर बसलाय, म्हणून झाली तशीच सांगतो.

काका एका दुखण्यातून नुकताच उठला होता. आत्या दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी घरीच करून पाहत होती. पिकलेली पपई कुस्करली, मिठाच्या पाण्यात भांड्याचा साबण कालवून त्यात घातला, गाळणीनं गाळलं आणि शेजारच्या फ्रीजमध्ये गार करून आणलेलं स्पिरिट पेल्याच्या कडेनं हळूच सोडलं. दोन्हींच्या मध्ये ढगासारखं काहीतरी वर यायला लागलं. तिनं उदबत्तीच्या काडीनं ते उचललं. पांढरा, ओला, कापसाच्या पेळूसारखा धागा.

"हेच व्हय?" काका खाटेवरून म्हणाला.

"हेच. पपईचं."

"जनमभर ज्याच्यापायी मले झोपवून ठेवलं, ते हे? एवढंसं?" मग थोड्या वेळानं, "माहं असं काढून दाखवशीन काय वं ताई?"

आत्यानं त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. गालाच्या आतल्या पेशी त्यात येतात. पुन्हा साबण, पुन्हा गार स्पिरिट. पपईएवढा भरघोस नाही, पण एक बारीक धागा पेल्यात तरंगला. काका उठून बसला. पेला खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत राहिला.

"याच्यातच हाय ते अक्षर?"

"याच्यातच."

"मंग चिमटा घे अन् काढ ना वं."

"एका जागी नाई रे बाळू. जिथं जिथं घर हाय तिथं तिथं तेच पुस्तक."

"म्हंजे मी साराच चुकीचा छापला गेलो."

"सारा नाई," आत्या म्हणाली. "एक अक्षर. बाकी माह्यात अन् तुह्यात काही फरक नाई. ते अक्षर माह्यातही हाय. मले दोनातलं एक बरोबर मिळालं, तुले दोन्ही तसेच मिळाले. मायचं एक, बापाचं एक."

तो पेला खिडकीत बरेच दिवस उभा होता. मोरीत ओतायची कुणाची हिंमत होईना. पुढं तो दिसेनासा झाला. आत्यानं त्याचं काय केलं ते काकानंही विचारलं नाही.

तर आत्या वाहक होती. दुखणं काही नाही, पण अक्षर आहे. आणि तिचं लग्न लहानपणापासून ठरलेलं होतं. आमच्यात आत्याच्या घरी पोरगी देणं म्हणजे देणं नाहीच, इकडची वाटी तिकडे ठेवणं. आतेभाऊ सुधाकर रेल्वेत लागलेला, उंचपुरा, पावा वाजवायचा. आत्यानं त्याचं रक्त तपासून घेतलं. तोही वाहक निघाला. निघणारच, एकाच विहिरीचं पाणी. अंगणात उभं राहून तिनं त्याला सांगितलं, दर बाळंतपणाला चारात एक बाळूसारखं व्हायची भीती. माझी आई तेव्हा तेच अंगण शेणानं सारवत होती, तिनं ऐकलेलं मला सांगितलं.

सुधाकर म्हणाला, "मले चालते."

"तुले चालते," आत्या म्हणाली. "त्याले चालन काय, हे कोन इचारन?"

आणि आत, उघड्या खिडकीजवळ, बाळूकाका खाटेवर पडलेला होता. तेव्हा तो शाळेत जायच्या वयाचा होता, शाळेत जात नव्हता एवढंच.

सुधाकरनं दुसरीकडे लग्न केलं, पोरं निरोगी झाली. आत्या राहिली. मग तिनं दुसरं काम हाती घेतलं. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हा पत्रिका, मुहूर्त, मंगळ सगळं घराबाहेर काढलं होतं. आत्या म्हणायची, पत्रिका सोडली ते बेस झालं, पण लग्नाआधी दोघांचं रक्त तेवढं पाहा. कुठं सोयरीक जुळतेय असं कळलं की मला धाडायची. "आरएनए, जाय. सांग, पोराचं अन् पोरीचं, दोघांचं पाहा म्हणा." मी जायचो, चहा प्यायचो, सांगायचो. लोक हसायचे, मग चिडायचे, मग हळूहळू ऐकायला लागले. तपासणीची सोय झाली, शिबिरं झाली. आत्याला वाटलं, पोचला निरोप.

पोचला, पण वाटेत त्याचं अर्धं गळून पडलं. लोकांनी "रक्त पाहा" तेवढं घेतलं आणि "दोघांचं" सोडून दिलं. पोराकडची मंडळी पोहे खाता खाता पोरीचा रिपोर्ट मागायला लागली. पोराचं कोणी तपासेना. पोरगी नुसती वाहक असली तरी "तिच्यात दोष हाय" म्हणून उठून जायला लागली. पोराचं रक्त साफ असलं तर अशा पोरीनं घाबरायचं काही कारणच नसतं, हे ऐकायला कुणी थांबेना. पोरी तपासायला घाबरू लागल्या.

हे आत्याच्या कानावर येत होतं. ती म्हणायची, "बापानं एक पत्रिका घरातून काढली, म्या दुसरी आणून ठेवली." पण म्हणायची खिडकीत उभी राहून, स्वतःशीच.

आणि मग ती पत्रिका आमच्याच घरात निघाली.

माझी मुलगी पल्लवी वाशीमला एका दवाखान्यात नर्स आहे. अनसिंगचं स्थळ आलं. मुलगा नितेश, वाशीमलाच कचेरीत. बघाई झाली, दोघांनी एकमेकांना पसंत केलं, फोन सुरू झाले. आमच्या घरात गच्चीवर रेंज चांगली येते हे मला तेव्हा कळलं. मग नितेशच्या आईनं, विमलबाईंनी, पोरीचा रिपोर्ट मागितला. पल्लवी वाहक आहे. अक्षर माझ्या वडिलांकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे. बारावीची गुणपत्रिका मी तिला दाखवली नव्हती, पण हे काही लपवता आलं नाही. दोन दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला की मंडळी थांबायचं म्हणतात.

पल्लवी तडक आत्याकडे गेली. मी मागून पोचलो तेव्हा ती दारातच उभी होती.

"आत्याआजी, खुश हायस ना? तुह्या त्या एका अक्षरानं अख्ख्या गावच्या पोरी कोंडून टाकल्या."

"त्याचं पाह्यलं काय?" आत्यानं विचारलं.

"कोनाचं?"

"पोराचं."

"पोराचं कोन पाह्यते? तूच सांगून ठेवलं ना साऱ्याइले?"

"म्या दोघांचं सांगतलं होतं."

"मंग जाऊन सांग ना! दर खेपेले बाबाले काहून धाडतं? तू काहून नाई जात?"

मी खाली पाहिलं. आत्यानं काकाकडे पाहिलं. काका म्हणाला, "जाय ना वं. मी काई पळून नाई चाललो."

आणि शकूआत्या निघाली. माझी बायको सुनंदा काकाजवळ बसली. आम्ही एसटीनं वाशीम गाठलं, तिथून दुसऱ्या गाडीनं अनसिंग. आत्या खिडकीशी बसली होती आणि प्रत्येक इमारतीला "हे कवा झालं?" म्हणून विचारत होती. एक इमारत तर माझ्या शाळेच्या वेळची निघाली. पाणी प्यायला म्हणून तिनं मांडीवरची पिशवी उघडली आणि बाटलीऐवजी रबराची शेकायची पिशवी बाहेर काढली.

"हे म्या कायले आनलं?" ती माझ्याकडे बघत म्हणाली.

मला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून ते मी खिडकीबाहेर टाकलं. ती पिशवी तिनं पुन्हा आत ठेवली आणि अनसिंग येईपर्यंत वरून हात काढला नाही.

विमलबाईंनी चहा दिला, चिवडा दिला. नितेश भिंतीला टेकून उभा होता. आत्यानं चहा संपवला आणि सरळ विचारलं, "बाई, तुमच्या पोराचं रक्त पाह्यलं?"

"पोराचं कायले पाहा लागते, मॅडम? त्याले काई झालं हाय काय?"

"आमच्या पोरीले काय झालं हाय?"

"ते खरं हाय, पन..."

"सुतळीले दोन टोकं असतात बाई. एकच टोक तपासून धड हाय का तुटलं ते समजत नाई."

विमलबाई काही बोलायच्या आत नितेश म्हणाला, "आई, मी पाहून घेतो." एवढंच. पण ज्या तऱ्हेनं म्हणाला, त्यावरून मला तो जावई म्हणून पटला. परतीच्या गाडीत आत्या पहिल्यांदा जरा मागं टेकून बसली. म्हणाली, "पोराचं साफ निघालं की त्या बाईले बोलायले जागाच नाई राहत."

पोराचं साफ निघालं नाही. नितेशही वाहक होता.

आता ऐका. आम्ही सगळे मान खाली घालून बसलेलो, पल्लवीनं जेवण सोडलेलं, आणि विमलबाई नितेशला घेऊन रिसोडला आत्याच्या घरी आल्या. पेढे घेऊन! खाटेच्या कडेला बसून आनंदानं म्हणाल्या, "मॅडम, सुटलं सारं. पोराचंही तसंच निघालं. आता दोघं सारखेच. मंगळाले मंगळ चालते ना, तसं. फिटंफाट!"

आत्याच्या हातातला पेढा हातातच राहिला. तिची आयुष्यभराची शिकवण जितकी उलटी करता येईल तितकी उलटी होऊन तिच्याच खोलीत पेढे घेऊन आली होती. पोराचं साफ असतं तेव्हा नकार, आणि दोघांचं निघालं की होकार! मी आत्याकडे पाहिलं. ओरडेल असं वाटलं. ती ओरडली नाही.

पेढा खाली ठेवून ती पुस्तकी मराठीत बोलायला लागली. वर्गातल्यासारखं. दोघंही वाहक असतील तरच काळजी. दर वेळी चारात एक. दर वेळी चिठ्ठी नव्यानं निघते. पहिलं मूल चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याला सूट नाही. आता पोटात असताना, सुरुवातीच्या महिन्यांत तपासता येतं, नागपूरला सोय आहे. तपासून काय करायचं ते आईबापानं ठरवायचं. "माझ्या वेळी ही सोय नव्हती," ती म्हणाली.

विमलबाईंचा चेहरा उतरला. नितेश पल्लवीकडे पाहत होता. पल्लवीनं विचारलं, "म्हंजे नको, असंच ना आत्याआजी?"

आत्यानं खाली ठेवलेला पेढा उचलून परत पुड्यात ठेवला.

तेव्हा खाटेवरून काका बोलला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, गिऱ्हाइकाची चौकशी करताना असतो तसा, जरा गमतीचा. "एक इचारू काय? लहान होतो तवापासून आयकून राह्यलो. माह्यासारखा जन्माले येऊ नये म्हून ताईनं लगन नाई केलं. माह्यासारखा येऊ नये म्हून गावोगाव निरोप धाडले. आता माह्यासारखा येईन म्हून हे पोरगी रडून राह्यली. मी एवढा वाईट हाओ काय वं?"

गल्लीतून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली.

"त्याले चालन काय, असं तू सुधाकरले म्हनलं होतं," काका म्हणाला. "कोन इचारन, म्हने. म्या तर आतच होतो. मलेच इचारायचं होतं ना."

"मंग सांग आता," आत्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "चाललं काय तुले?"

काका छताकडे बघत राहिला. "दुखते तवा नाई चालत," तो म्हणाला. "बाकीच्या वक्ताले चालते."

आत्या उठली, पाणी गरम करायला ठेवलं. कुणालाच पाणी नको होतं. चुलीकडे तोंड करूनच ती म्हणाली, "पल्लवी, हे आता तुमी दोघं ठरवा. म्या एकदा ठरवलं. आता मले नका इचारू."

त्यांनी ठरवलं. लग्न डिसेंबरात, वाशीमला, साध्या पद्धतीनं झालं. पांढरी साडी, वंदना, फुलांचे हार. आत्या येणार होती. सुनंदानं तिची साडी इस्त्री करून ठेवली होती. आदल्या दिवशी थंडी वाढली आणि काकाला दुखायला लागलं. आत्याचा फोन आला, "तुमी उरकून घ्या."

त्याच हिवाळ्यात आत्या गेली. आता पल्लवीला दिवस गेलेत. पुढच्या महिन्यात नागपूरला तपासायला जायचं आहे. घरात त्यावर कुणी बोलत नाही. सुनंदा देवळाकडे कधी बघत नसे, हल्ली बघते. विमलबाई फोनवर फक्त हवामान विचारतात. काकानं एकदाच सांगितलं, "निकाल काहीबी येऊ दे, मले नका सांगू. अन् तिले काहीबी ठरवू द्या, मले राग नाई." मग स्टुलावरून उठून मशीनचं झाकण उगाच पुसत बसला. पल्लवीनं काय ठरवलंय मला माहीत नाही. तिला आत्याचा निरोप मी पोचवला आहे, एवढं मात्र माहीत आहे.

तो निरोप लग्नाच्या संध्याकाळचा. वाशीमहून नवरानवरीला घेऊन आम्ही आधी रिसोडला आलो, आत्याच्या पाया पडायला. गाडी गल्लीत शिरेना, कोपऱ्यावर उभी केली. पल्लवी उतरत होती, मी लग्नाच्या जेवणाचा डबा घेऊन पुढं झालो. आत्या खिडकीत उभी होती. इस्त्रीची साडी नेसली होती, म्हणजे शेवटपर्यंत तिला वाटत होतं की जमेल. गजांमागून तिनं हात बाहेर काढून डबा घ्यायचा प्रयत्न केला. डबा गजांतून जाईना. दुसऱ्या हातात शेकायची पिशवी होती.

"दार उघड ना आत्या. पोरगी आली हाय."

"आत्ताच डोया लागला त्याचा. दार वाजते." आमचं ते दार खरंच फार वाजायचं. "तिले तिथंच थांबव. इथून दिसून राह्यली मले. बेस दिसते."

कोपऱ्यावर, गाडीच्या दिव्यात, पल्लवी आणि नितेश उभे होते. तिथूनच दोघांनी हात जोडले. आत्यानं पिशवीसकट हात वर केला.

"आरएनए," तिनं हळू हाक मारली. एरवी ओरडायची. मी खिडकीजवळ कान नेला.

"तिले सांगजो, भेऊन नको ठरवू. बाळूसारखं झालं तरी मी हाओ." मग गजांतून माझी बाही धरली. "जसंच्या तसं सांगशीन ना? बदलवशीन नाई?"

"नाई बदलवत."

आतून काकाचा आवाज आला, झोपेतला. "ताई, हवा येऊन राह्यली वं."

"लावते रे," ती म्हणाली. अजून एकदा कोपऱ्याकडे पाहिलं, आणि खिडकी आतून लावून घेतली.